जंपिंगवर जोड कोण बघणार?

कोल्हापुरात कुस्ती लावायची तर आधी जोड बघतात. वय, वजन, उंची, पोरानं तालमीत किती कमावलंय, हे वस्तादाच्या नजरेला कळतं आणि मगच दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले जातात. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग असो की एखाद्या गावच्या यात्रेतला फड, ३० किलोच्या पोरासमोर ७० किलोचा गडी उभा केला तर पंचांच्या आधी बघणारेच कालवा करतील.

त्याच कोल्हापुरात रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जा, यात्रेत जा, पाळणे लागतात अशा कुठल्याही मैदानावर जा. 'जंपिंग' म्हणून जाळी लावलेला जो गोल ट्रॅम्पोलिन असतो, त्यावर चार वर्षांची पोरगी, तिचा दहा वर्षांचा दादा, ओळख ना पाळख अशी आणखी तीन पोरं आणि हौस फिटेना म्हणून चढलेला एखादा मामा, सगळे एकदमच उसळत असतात. बाहेर आईबाप मोबाइल धरून उभे. इथं जोड कुणी बघत नाही आणि कालवाही कुणी करत नाही.

ट्रॅम्पोलिन वाईट, बंद करा, असं मला म्हणायचं नाही. पोरांनी उड्या मारायच्या नाहीत तर कुणी मारायच्या? माझं म्हणणं त्याहून लहान आहे आणि म्हणूनच करता येण्यासारखं आहे. एका वेळी एकच मूल. आणि हा नियम आईबापांच्या लक्षावर किंवा जंपिंगवाल्याच्या भलेपणावर न सोडता, ज्याच्या जागेवर ते उभं राहतं त्यानं जागा देतानाच घालून द्यावा.

एकटं पोर उडी मारतं तेव्हा कापड त्याच्या वजनापुरतं दबतं आणि त्याचीच ताकद त्याला परत देतं. दुसरा चढला की हिशेब बिघडतो. १५ किलोचं पोर आणि ७५ किलोचा मामा असं धरू. मामा खाली आला की कापड खोल जातं, सगळ्या स्प्रिंगा ताणल्या जातात. आता मामा वर निघतानाच पोर खाली येत असेल, तर त्याचे पाय टेकतात तेव्हा कापड जोरात वर येत असतं. बाहेरून मऊ दिसणारं ते कापड त्या घटकेला घट्ट जमिनीसारखा दणका देतं. किंवा मग उलटं होतं. मामानं कापडात भरलेली ताकद मामाला न मिळता पोराला मिळते आणि ते त्याच्या आवाक्याबाहेर भिरकावलं जातं. पहिल्या प्रकारात तर पोर पडलेलंही नसतं. सरळ उभ्यानं खाली आलेलं असतं, आणि गुडघ्याच्या जरा खाली, नडगीचं हाड वरच्या टोकाला चिरतं. सहा वर्षांखालच्या मुलांत हे इतकं ओळखीचं झालंय की हाडांच्या डॉक्टरांत त्याला 'ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर' असंच नाव पडलं आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, या विषयावर १९७७ पासून बोलते आहे. शाळांच्या शारीरिक शिक्षणातून ट्रॅम्पोलिन काढून टाका, असं तिनं तेव्हाच सांगितलं होतं. २०१२ मध्ये तिनं घरगुती ट्रॅम्पोलिनबद्दल जे निवेदन काढलं, त्यातले आकडे वाचण्यासारखे आहेत. सुमारे ७५ टक्के दुखापती एकाहून जास्त जण चढलेले असताना झालेल्या. एकत्र उड्या मारणाऱ्यांत सगळ्यांत लहान पोराला दुखापतीची शक्यता मोठ्याच्या १४ पटींपर्यंत. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दुखापतींत ४८ टक्के हाड मोडण्याच्या किंवा सांधा निखळण्याच्या, तर ६ ते १७ या वयात हेच प्रमाण २९ टक्के. हे आकडे तिकडच्या परसातले आहेत, मान्य. पण नडगीचं हाड तिकडचं काय आणि फुलेवाडीचं काय, सारखंच. आणि परसात घरची दोन-तीन पोरं चढतात, आपल्या यात्रेत रांगेतली सगळी चढतात.

यावर पहिलं उत्तर येतं, "जाळी आहे की भोवतीनं!" जाळी पोराला बाहेर पडू देत नाही, हे खरं. पण त्याच निवेदनाप्रमाणे बाहेर किंवा खाली पडून होणाऱ्या दुखापती साधारण २७ ते ३९ टक्के. बाकीच्या बहुतेक बाहेर न पडताच होतात, टकरीनं, दणक्यानं, वेडंवाकडं आल्यानं. जाळ्या आणि पॅड लावल्यानं दुखापती ठळकपणे घटल्याचं त्यांना आढळलं नाही. जाळी नको असं नव्हे. जाळी बघून आपण निर्धास्त होतो आणि आणखी दोन पोरं आत ढकलतो, ही अडचण आहे.

दुसरं उत्तर त्याहून जुनं. "आईनं लक्ष द्यायला नको?" पोराला कुठंही लागलं की आपल्याकडे पहिला सवाल आईला असतो. आई तिथंच होती. अमेरिकेतल्या दुखापतींपैकी एक-तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली झालेल्या आहेत. कापडाचा दणका बसायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही. तेवढ्यात आई करणार काय? बाहेरून बघणाऱ्या माणसाच्या हातात खरं तर एकच गोष्ट असते, आत किती जण आहेत ते मोजणं. आणि तिकीट दुसरा फाडतो, आत दुसरा सोडतो, त्यामुळे तीही तिच्या हातात राहत नाही. एखादी म्हणालीच की आधीची पोरं उतरू देत, मग माझी चढेल, तर मागची रांग कुरकुरते, जंपिंगवाला म्हणतो, "काय होत न्हाई वहिनी, रोजची पोरं आहेत," आणि नवरा म्हणतो, "सोड की, सगळ्यांचीच चढल्यात." एवढ्या सगळ्यांना पुरून उरण्याची अपेक्षा एकट्या आईकडून करायची, आणि वर तिलाच दोष द्यायचा.

ज्यांचं आयुष्य ट्रॅम्पोलिनवर गेलं ते काय करतात? २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ट्रॅम्पोलिन हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे. खेळाडू एकटा चढतो. भोवतीनं प्रशिक्षित माणसं उभी असतात, दोन्ही टोकांना जाड गाद्या असतात. या खेळात दोघांनी एकसारख्या उड्या मारायचाही एक प्रकार आहे, जागतिक स्पर्धांत तो होतो. त्यात दोघांसाठी शेजारी शेजारी दोन वेगळे ट्रॅम्पोलिन लावतात. वर्षानुवर्षं सराव केलेली, तोलामोलाची दोन माणसं एका कापडावर चढवायची नाहीत हा तिथला रिवाज, आणि आपण बालवाडीतलं पोर कॉलेजातल्या पोराशेजारी सोडतो.

जाता जाता, हे यंत्र आलं कुठून तर सर्कशीतून. झोपाळ्यावरचे कलाकार खेळ संपल्यावर खालच्या जाळ्यात उडी टाकून वर उसळतात, ते बघून जॉर्ज निस्सेन या अमेरिकन जिम्नॅस्टला ही कल्पना सुचली आणि १९३० च्या दशकात त्यानं आजच्यासारखा ट्रॅम्पोलिन बनवला. भारतातली पहिली सर्कस १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी उभी केली, ते आपल्याच बाजूचे, अंकलखोपचे. या भागाला जाळ्यावरच्या उड्यांचं अप्रूप तेव्हापासूनचं. फरक इतकाच की ते जाळं पडणाऱ्याला झेलायला होतं.

आता एक आक्षेप असा आहे, ज्याला मी मनापासून मान देतो. "आम्ही विहिरीत मुटके मारले, आंब्यावरून पडलो, पंचगंगेच्या घाटावरून पाण्यात उड्या टाकल्या. मेलो का? तुमच्या पिढीनं पोरं कापसात गुंडाळून ठेवली." यातला राग खरा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल फिरवणं हाच ज्यांचा मैदानी खेळ, अशी पोरं आपण वाढवतोय, आणि त्यांना चार उड्या मिळताहेत तर त्यावरही फलक लावायचा, हे मलाही रुचत नाही. पोरांनी पडावं, खरचटून घ्यावं. पण आंब्यावर चढणारं पोर आपल्या भीतीच्या मापानं चढतं. फांदी वाकली की थांबतं. घाटावर पहिल्या दिवशी खालच्या पायरीवरून उडी टाकतं, महिनाभरानं वरच्या. धोका त्याच्या हातातला असतो, आणि तो जोखायला शिकणं हाच त्यातला फायदा. गर्दीच्या ट्रॅम्पोलिनवर असं जोखणं चालतच नाही. आपण किती उंच जायचं हे शेजारच्याचं वजन ठरवतं, कधी खाली यायचं हेही. पोर कितीही धीट असो, चपळ असो, त्याच्या अकलेला तिथं वावच नाही. म्हणून धाडस शिकवायचं असेल तर एकट्यालाच सोडा. एकटं चढलेलं पोर पहिली दोन मिनिटं घाबरत, गुडघे वाकवत उड्या मारतं, मग कापडाचा मध्य शोधतं, मग हळूहळू उंच जातं. ते शिकणं आहे.

एकट्यानं चढल्यावरही एक धोका उरतो, आणि तो थोरल्या पोरांचा आहे. कोलांटी. मानेच्या मणक्याच्या कायमच्या दुखापती सगळ्यांत जास्त होतात त्या पुढं किंवा मागं कोलांटी मारताना. पाय मोडला तर सहा आठवड्यांत प्लास्टर निघतं. मान मोडली तर पुढचं सगळं घर बदलतं. बारा-पंधरा वर्षांची पोरं रील बघून येतात आणि मित्र शूटिंग करत असेल तर कोलांटी मारणारच. तिथं जंपिंगवाल्यानं खडसावून खाली उतरवायचं असतं. आत एकच पोर असेल तर हे त्याला जमेल. सहा असतील तर तो तरी कुणाकडे बघणार?

आता पैशाचं बोलू, कारण गाठ तिथंच आहे. समजा पाच मिनिटांचे ३० रुपये तिकीट आहे. आत पाच पोरं सोडली तर पाच मिनिटांत १५० रुपये, एक सोडलं तर ३०. म्हणजे 'एका वेळी एक' म्हटलं की जंपिंगवाल्याचा गल्ला पाचवा हिस्सा होतो. यातली बरीच माणसं यात्रेमागून यात्रा फिरणारी, बायकापोरांसकट त्याच मैदानात ताडपत्रीखाली झोपणारी. जागेचं भाडं आधी मोजलेलं, यात्रा चार दिवसांची, त्यातला एक दिवस वळवानं नेला. त्याला उभं करून सुरक्षेवर भाषण द्यायचं हे मला शोभत नाही, कुणालाच शोभू नये. आणि त्यानं एकट्यानं ऐकलं तरी शेजारचा ऐकणार नाही. याच्याकडे रांग सरकत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक तिकडं जाणार. प्रामाणिक माणसाचंच नुकसान.

म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवा, आणि तसा तो लावू शकतो तो जागेचा मालक. महापालिका, देवस्थान, यात्रा कमिटी, ग्रामपंचायत, स्नेहसंमेलनाला जंपिंग मागवणारी शाळा, वाढदिवसाला लॉन देणारं मंगल कार्यालय. जागा देताना वीज कुठून घ्यायची, कचरा कुठं टाकायचा, किती वाजता बंद करायचं, हे आपण लिहून घेतोच. त्यात हेही लिहायचं. एका कापडावर एकच मूल, सहा वर्षांखालचं मूल नाही, कोलांटी नाही, स्प्रिंगांवर पॅड, फाटकी जाळी लावलेली दिसली तर खेळ बंद. आणि त्याबदल्यात अशा खेळांचं भाडं उतरवायचं. एका मोठ्या गोल कापडाऐवजी मध्ये आडोसा घालून चार लहान कापडं लावली तर चार पोरं एकाच वेळी, आपापल्या कापडावर उड्या मारू शकतात. एवढी जुळणी करणारे कारागीर शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत. यात्रा कमिटीनं तसे दोन सांगाडे करून घेऊन भाड्यानं दिले तरी चालेल.

स्प्रिंगांवरून आठवलं. लोखंड थकतं हे या शहरात कुणाला समजावून सांगायला नको. हजारो वेळा ताणलेली स्प्रिंग एक दिवस हुकापाशी तुटते, आणि आपल्या पावसाळ्यात उघड्यावर भिजलेली, गंज धरलेली स्प्रिंग त्याआधीच. कापड आणि जाळी उन्हानं कुजतात, रंग उडाला की धागा पिठासारखा होतो. हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या जाणत्या फिटरनं हात लावून बघायला तासभर लागत नाही. हवा भरून फुगवायचा जो 'मिकी माऊस' असतो त्याची गोष्ट निराळी. त्याला वाऱ्याचं भय. १६ डिसेंबर २०२१ ला ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट गावी एका प्राथमिक शाळेत असा फुगा वाऱ्यानं उचलला गेला आणि सहा मुलं दगावली. आपल्या एप्रिल-मे महिन्यातला वळीव दुपारी चारला ऊन आणि साडेचारला वादळ असा येतो, आणि यात्रा नेमक्या त्याच दिवसांत. जोतिबाची चैत्र यात्रा त्यातलीच. वारं सुटलं की आधी पोरं खाली, मग हवा काढायची. खुंट्या किती खोल आहेत ते नंतर बघू.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचे नियम करायचा अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे. आकाशपाळणा म्हटलं की सगळ्यांचे कान उभे राहतात, कारण तो उंच आहे, फिरतो, आवाज करतो. जंपिंग कंबरेइतक्या उंचीवर असतं, त्यामुळे ते खेळणं वाटतं. आणि तो जो फलक असतो, 'आपल्या जबाबदारीवर खेळावे, दुखापत झाल्यास मालक जबाबदार नाही', तो लावला म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तिकीट काढणारा ग्राहक आहे, सेवा देणाऱ्याचा हलगर्जीपणा ही सेवेतली त्रुटी आहे, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. अर्थात ज्याचा पत्ताच पुढच्या यात्रेत बदलतो त्याच्यावर दावा लावून मिळणार काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून तर जागा देणाऱ्याला बांधून घ्यायचं.

घरच्या ट्रॅम्पोलिनबद्दल थोडक्यात. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडच्या बंगल्यांच्या आवारांत ते दिसू लागलेत, आणि जागा नाही म्हणून काही ठिकाणी टेरेसवरही. टेरेसवर तो नकोच. कठडा ज्या उंचीचा बांधलाय ती फरशीवर उभ्या माणसासाठी, हवेत उसळलेल्या पोरासाठी नव्हे. आवारात ठेवायचा तर भिंत, झाड, कपड्यांची तार यांपासून लांब, आणि चढायची शिडी पोरं गेल्यावर काढून घ्यायची, नाहीतर दुपारी सगळे झोपलेले असताना सगळ्यांत धाकटं तिथंच जातं. घरी नियम पाळायला सोपा, कारण घरी तिकीट नाही. भांडणं मात्र होतील. "माझा डाव, माझा डाव" म्हणून पोरं उर बडवतील. बडवू देत. विटीदांडूतही डाव वाटूनच घ्यावा लागायचा.

लागलंच तर काय, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. उडी मारून आल्यावर लहान मूल पाय टेकायलाच तयार नसेल, तर सूज दिसत नसली तरी चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊन बसवून घेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि "ट्रॅम्पोलिनवर दुसऱ्याबरोबर उडी मारताना" हे शब्द आवर्जून सांगा. ही चीर सुरुवातीच्या एक्स-रेत कधी कधी नीट दिसत नाही, कशानं झालं ते कळलं तर डॉक्टर तिथं बघतील. मानेवर किंवा डोक्यावर पडलं असेल तर काखेत हात घालून उचलायचं नाही. कापडावर दुसरं कुणी चढू नये, डोकं-मान हलू न देता तसंच धरून ठेवावं आणि १०८ ला फोन करावा. गर्दी पाणी पाजायला धावेल, तिला थोपवणारा एक माणूस लागतो.

सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या, आणि इतर दवाखान्यांच्या केसपेपरवर 'खेळताना पडून' एवढंच न लिहिता जंपिंग, पाळणा, घसरगुंडी असं नेमकं लिहिलं गेलं, तर दोन यात्रांत जिल्ह्याचं स्वतःचं चित्र हाताशी येईल आणि अमेरिकेचे आकडे द्यायची गरज उरणार नाही. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. नवरात्रासाठी जागांचे अर्ज निघतील तेव्हा त्या छापील अटींत ही एक अट असू शकते, आणि भाड्याच्या रकमेपुढचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. रांगा लांबतील. मागं उभ्या असलेल्या बापाला वीस मिनिटं ताटकळावं लागेल, आणि तो जंपिंगवाल्याला म्हणेल, "भावा, सोड की दोघांना एकदम, भाऊ-बहीणच आहेत." त्यावर जंपिंगवाल्याला अर्जाची प्रत दाखवून "साहेब, पावती रद्द होती माझी" असं म्हणता आलं पाहिजे.